चार घरांतून आलेली एक प्रार्थना
जॉन कोल्ट्रेनच्या वाद्यवृंदाची सांगीतिक जडणघडण

स्तोत्रसंहितेतील शेवटचे, १५० वे स्तोत्र आपल्या परिचयाचे आहे. कर्णा, वीणा, डफ, तंतुवाद्ये, पावा आणि झांजा अशी एकामागून एक वाद्ये त्यात परमेश्वराच्या स्तुतीसाठी पाचारण केली जातात. कोणते वाद्य मंदिरातले आणि कोणते बाजारातले, असा भेद त्या स्तोत्रकर्त्याने केलेला दिसत नाही. तो भेद पुढे माणसांनी केला. पेटी, व्हायोलिन, ऑर्गन ही वाद्ये देवळाच्या आत आली. सॅक्सोफोन आणि ड्रम्स लग्नाच्या मांडवात व हॉटेलांत थांबली. जॅझ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मद्यालय, धूर आणि रात्र उभी राहते. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे.

अपुरे का, याचा पुरावा आपल्याच लोकांनी दिलेला आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत, व्हायोलिन हाती देत, गायनवृंदात उभे करीत. याच शिक्षणाच्या बळावर कित्येक तरुण मुंबईत आले आणि १९३० नंतरच्या दशकांत येथील हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांचे व चित्रपटसंगीताचे आधारस्तंभ बनले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ, तसेच फ्रँक फर्नांड ही त्यांतली ठळक नावे. गायनवृंदाच्या माडीवरून हॉटेलच्या मंचावर जाणारा हा रस्ता आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजात तर हा रस्ता फारच रुळलेला आहे, आणि त्यावरून लोक दोन्ही दिशांनी चाललेले आहेत.

९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील इंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या ध्वनिमुद्रणगृहात चार वादकांनी एका संध्याकाळी सुमारे तेहतीस मिनिटांची एक रचना वाजविली. उंच, लाकडी, कमानदार छताची ती वास्तू पाहणाऱ्याला एखाद्या प्रार्थनामंदिराची आठवण करून देते. रचनेचे नाव ‘अ लव्ह सुप्रीम’, म्हणजे सर्वश्रेष्ठ प्रेम. तिचे चार भाग आहेत: कबुली, निश्चय, शोध आणि स्तोत्र. टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, पियानोवर मॅककॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स असे हे चौघे. १९६५ च्या आरंभी ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तिच्याविषयी विपुल लिहिले गेले. या लेखनात एक सूर सातत्याने आढळतो. तो असा की, व्यसनाच्या गर्तेतून वर आलेल्या एका माणसाची ही ईश्वरापुढची वैयक्तिक साक्ष आहे.

साक्ष ती आहेच. परंतु ‘वैयक्तिक’ हे विशेषण मला पटत नाही. हे चौघे ज्या घरांतून आणि ज्या संस्कारांतून आले, ते पाहिले आणि मग ही रचना पुन्हा ऐकली, तर ती एकट्याची नव्हे, सामुदायिक प्रार्थना आहे, असे माझे मत झाले आहे. या मताची पारख वाचकांनी करावी, यासाठी हा लेखप्रपंच.

पाळकांचा नातू

जॉन कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला आणि त्याचे बालपण हाय पॉइंट येथे गेले. त्याचे दोन्ही आजोबा आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन या पंथाचे पाळक होते. आईचे वडील विल्यम ब्लेअर यांच्या घरी तो वाढला. आई पियानो वाजवी आणि गात असे. वडील व्यवसायाने शिंपी. पण घरी आल्यावर व्हायोलिन किंवा युकुलेली हाती घेत. प्रवचन, पियानो आणि व्हायोलिन अशा तीन आवाजांत हे मूल मोठे झाले.

तो बारा वर्षांचा असताना या घरावर घाला पडला. थोड्याच काळाच्या अंतराने आजोबा आणि वडील दोघेही वारले. त्याच सुमारास गावातील एका पाळकांनी मुलांसाठी चालविलेल्या बँडमध्ये तो आल्टो हॉर्न आणि नंतर क्लॅरिनेट शिकू लागला. पुढे शाळेत सॅक्सोफोन त्याच्या हाती आला. घरातले दोन वडीलधारे आवाज बंद झाल्यावर या मुलाने फुंकून वाजवायचे वाद्य जवळ केले. या दोन गोष्टींचा कार्यकारणभाव सिद्ध करता येणार नाही. परंतु त्याच्या वादनात प्रवचनकाराची जी चढण आहे, म्हणजे एकच वाक्य किंचित बदलून पुनःपुन्हा म्हणत शेवटी आवाज फाटेपर्यंत वर नेण्याची जी रीत आहे, ती कोणत्या घरातून आली हे सांगायला फार संशोधन लागत नाही.

१९४३ मध्ये तो फिलाडेल्फियाला आला. तेथील संगीतशाळांत त्याने पद्धतशीर शिक्षण घेतले. ५ जून १९४५ रोजी त्याने चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकले आणि तोवर जॉनी हॉजेसच्या रेशमी स्वरावर पोसलेल्या या तरुणाचे कान एकदम वेगळ्या दिशेला वळले. त्याच वर्षी तो नौदलात दाखल झाला व हवाई बेटांवर तेथील बँडमध्ये वाजवू लागला. परत आल्यावर एडी व्हिन्सन, डिझी गिलेस्पी, अर्ल बॉस्टिक आणि खुद्द जॉनी हॉजेस यांच्या वृंदांतून त्याने चाकरी केली. यांतील काही वृंद नाचण्यासाठी वाजविणारे होते. अशा ठिकाणी गिऱ्हाइकांना खूष करण्यासाठी सॅक्सोफोनवादकाने मद्यालयाच्या फळीवर चढून वाजवीत चालायचे, अशी प्रथा होती. कोल्ट्रेनलाही ते करावे लागले आणि त्याची त्याला लाज वाटे.

१९५५ मध्ये माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या वृंदात घेतले आणि १९५७ मध्ये हेरॉइन व मद्य यांपायी काढून टाकले. ते वर्ष त्याच्या आयुष्याची कूस ठरले. त्याने व्यसने सोडली. आपल्याला त्या वर्षी ईश्वरकृपेने आध्यात्मिक जागृती लाभली, असे त्याने पुढे ‘अ लव्ह सुप्रीम’च्या वेष्टनावर स्वतः नमूद केले. त्याच वर्षी थेलोनियस मंक या विलक्षण पियानोवादकाबरोबर न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये तो काही महिने वाजवीत होता. स्वरसंघांची उतरंड आतून कशी रचलेली असते, हे त्याला मंकने दाखविले. आणि १९५८ मध्ये माइल्सकडे परतल्यावर, विशेषतः १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये, त्याला नेमका उलटा धडा मिळाला. स्वरसंघ भराभर बदलण्याऐवजी एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबून त्याचा विस्तार करायचा, असा तो धडा. रागसंगीत ऐकणाऱ्या आपल्या कानांना ही दुसरी वाट अधिक ओळखीची वाटते.

केशभूषागृहातला पियानो

मॅककॉय टायनर हा चौघांत वयाने सर्वांत लहान. ११ डिसेंबर १९३८ रोजी फिलाडेल्फियात त्याचा जन्म झाला. त्याची आई स्त्रियांचे केशभूषागृह चालवी. मुलाने तेराव्या वर्षी पियानोचे धडे सुरू केल्यावर आईने पियानो आणला आणि तो त्या केशभूषागृहातच ठेवला. बायका केस करून घेत असताना हा मुलगा आणि त्याचे मित्र तेथे तालीम करीत. बड पॉवेल आणि रिची पॉवेल हे दोघे पियानोवादक भाऊ तेथून जवळच राहायला आले होते. बड पॉवेल हे त्या काळच्या जॅझ पियानोचे दैवत. आणि घरी पियानो नसल्यामुळे तो टायनरच्या पियानोवर येऊन वाजवी. शिक्षण घरी चालून येणे म्हणतात ते हेच.

टायनरच्या संस्कारांतील आणखी दोन धागे महत्त्वाचे आहेत. घानाहून फिलाडेल्फियात आलेल्या साका अक्वाये या कलावंताकडे त्याने कोंगा हे आफ्रिकी तालवाद्य शिकून घेतले. त्याचा डावा हात पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर ढोलासारखा आपटतो, त्याचे मूळ या शिक्षणात शोधावे लागेल. दुसरा धागा धर्माचा. तरुणपणीच त्याने अहमदिया पंथाच्या मार्गाने इस्लामचा स्वीकार केला आणि सुलेमान सऊद हे नाव घेतले. हा पंथ मूळचा आपल्या पंजाबातील कादियानचा. १९२० मध्ये त्याचा प्रचारक अमेरिकेत पोहोचला आणि पुढच्या काळात तेथील अनेक कृष्णवर्णीय वादकांनी तो पंथ जवळ केला.

कोल्ट्रेनशी त्याची ओळख झाली ती सतराव्या वर्षी, फिलाडेल्फियातच. वयात बारा वर्षांचे अंतर असूनही ते तासन् तास संगीतावर बोलत बसत. टायनरला तो थोरल्या भावासारखा वाटे. पियानोवर सर्वसाधारणपणे स्वरसंघ एकाआड एक स्वर घेऊन रचतात. सा, ग, प हे त्याचे सोपे उदाहरण. टायनरने सा, म, कोमल नी अशा चौथ्या-चौथ्या स्वरांची रचना आपलीशी केली. अशा स्वरसंघाला ‘आता येथे संपले’ असे सांगण्याची ओढ नसते. तो दार उघडे ठेवतो. त्याखाली डाव्या हाताने षड्ज-पंचमासारखी खर्जातली जोडी तो घुमवीत ठेवी. या उघड्या दारामुळेच कोल्ट्रेनला कोणत्याही दिशेने बाहेर पडता आले.

सर्कशीच्या मिरवणुकीमागून

एल्विन जोन्सचा जन्म ९ सप्टेंबर १९२७ चा, मिशिगन राज्यातील पाँटिअॅक गावचा. दहा भावंडांत तो धाकटा. वडील जनरल मोटर्स कंपनीत कामाला होते आणि बॅप्टिस्ट मंडळीत डीकन होते. गावात सर्कस आली की तिची मिरवणूक निघे, आणि त्या मिरवणुकीतल्या ढोलवाल्यांनी या मुलाला वेड लावले. तेराव्या वर्षी तो दिवसाला आठ-दहा तास सराव करू लागला होता. १९४६ ते १९४९ सैन्यात काढल्यावर बहिणीकडून पस्तीस डॉलर उसने घेऊन त्याने स्वतःचा पहिला ड्रमसंच विकत घेतला. डेट्रॉइटच्या क्लबांत त्याचा हात तयार झाला. पुढे न्यूयॉर्कमध्ये बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, सॉनी रॉलिन्स अशा मातब्बरांसाठी त्याने वाजविले.

या घराविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे; कारण ‘संस्कार’ या शब्दावर आपण फार सहज विसंबतो. एल्विनचा थोरला भाऊ हँक हा पियानोवादक. त्याचे वादन मोजके, घोटीव, एकही स्वर वाया न घालविणारे. मधला भाऊ थॅड ट्रम्पेटवादक आणि पुढे मोठ्या वाद्यवृंदाचा कसबी रचनाकार. एल्विन म्हणजे वादळ. एकच घर, एकच मंडळी, तेच डीकन वडील. आणि तीन भाऊ तीन वाटांनी गेले. घर कलावंताला बियाणे देते. शेत कसे कसायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. पार्श्वभूमीवरून कलावंताचा हिशेब पूर्ण मांडता येतो, असे मानणाऱ्या समीक्षकांनी हे तीन भाऊ जरूर आठवावेत.

एल्विनच्या वादनाचे मर्म असे सांगता येईल. सामान्य ड्रमवादक एक पक्का ठेका धरतो आणि इतर त्यावर चालतात. एल्विन एका मात्रेचे तीन तुकडे करतो आणि ते दोन हात व दोन पाय यांत वाटून देतो, तेही प्रत्येक वेळी वेगळ्या वाटणीने. त्यामुळे सम कोठे आहे हे बोट ठेवून दाखविता येत नाही. तरीही ती कधी हरवत नाही. समुद्रकाठच्या माणसाला हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. लाटा मोजता येत नाहीत, पण भरतीची वेळ चुकत नाही.

खालचा स्वर

जिमी गॅरिसनविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे, आणि वाद्यवृंदातील बासवादकाच्या नशिबी बहुधा हेच असते. ३ मार्च १९३४ रोजी मायामीत जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी फिलाडेल्फियात आला. प्रथम तो क्लॅरिनेट शिकला, मग शाळेत असतानाच बासकडे वळला. लेनी ट्रिस्टानोच्या काटेकोर शिस्तीपासून ऑर्नेट कोलमनच्या पूर्ण मोकळ्या वादनापर्यंत दोन टोकांचा अनुभव घेऊन तो १९६१ च्या अखेरीस कोल्ट्रेनकडे आला. त्याआधी स्टीव्ह डेव्हिस आणि रेजी वर्कमन यांनी ती जागा सांभाळली होती. गॅरिसन आला आणि वृंद पूर्ण झाला.

त्याच्या एकल वादनात तो बासच्या दोन-तीन तारा एकदम छेडतो. हे वळण स्पेनमधील फ्लॅमेंको गिटारचे आहे. उरलेला सगळा वेळ मात्र तो तळाशी असतो. कोल्ट्रेन आणि एल्विन यांच्या गदारोळात त्याचा स्वर कित्येकदा कानांना ऐकू येत नाही. तो थांबला असता तर काय झाले असते, याची कल्पना मात्र करता येते.

मठातले गाणे आणि अलाबामाचा शोक

हे चौघे एकत्र आल्यावर काय घडले, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ची गाणी आपल्या शाळांतून आणि स्नेहसंमेलनांतून पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. त्यातील ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे गीत १९५९ च्या मूळ रंगमंचीय प्रयोगात उमेदवार जोगीण मारिया आणि तिच्या मठाच्या प्रमुख मदर या दोघी म्हणतात. चित्रपट १९६५ चा. त्याच्या पाच वर्षे आधी, ऑक्टोबर १९६० मध्ये कोल्ट्रेनने ते सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजविले. त्या वेळी बासवर स्टीव्ह डेव्हिस होता. मुलांना रिझविण्याजोगे हे गाणे येथे जवळजवळ चौदा मिनिटे चालते. टायनर दोनच स्वरसंघ झुल्यासारखे मागेपुढे हलवीत राहतो, एल्विन तीन मात्रांच्या त्या ठेक्यात अनेक ठेके भरतो, आणि सनईची आठवण करून देणारा सोप्रानोचा धारदार स्वर वर घुमत राहतो. ओळखीचे गाणे मोडलेले नाही. त्याचे अंगण वाढविलेले आहे.

दुसरे उदाहरण नोव्हेंबर १९६१ मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड येथे वाजविलेल्या ‘इंडिया’ या रचनेचे. कोल्ट्रेन त्या काळात पं. रविशंकर यांच्या ध्वनिमुद्रिका मन लावून ऐकत असे; पुढे त्यांची भेट झाली, आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. या रचनेत दोन बास एका आधारस्वरावर तंबोऱ्यासारखे घुमतात. तरीही हे भारतीय संगीत झालेले नाही, आणि तसा आवही कोणी आणलेला नाही. शेजाऱ्याच्या घरात डोकावून पाहणाऱ्या पाहुण्याचा आदर तेथे आहे. कोल्ट्रेनच्या संगीतातील अस्वस्थतेने आपण बुचकळ्यात पडलो, असे पं. रविशंकर यांनी पुढे सांगितले. या दोघांनी एकाच शांतीकडे जाण्याच्या निराळ्या वाटा धरल्या होत्या, असे मला वाटते. एकाची वाट स्थैर्यातून जात होती, दुसऱ्याची आक्रोशातून.

आक्रोशाला कारणही होते. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि उपासनेची तयारी करणाऱ्या चार मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, या चौघांनी ‘अलाबामा’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. पियानोचा खर्ज थरथरत राहतो आणि त्यावर सॅक्सोफोन एकेक वाक्य सावकाश उच्चारतो. प्रेतक्रियेच्या वेळी प्रवचन देणाऱ्याचा स्वर कसा जड होतो, तसा. पाळकांचा नातू, डीकनचा मुलगा, मुस्लिम झालेला तरुण आणि फिलाडेल्फियाचा बासवादक अशा चौघांनी एका चर्चमधील मृतांसाठी केलेली ही शोकप्रार्थना आहे. ‘अ लव्ह सुप्रीम’ची तयारी येथे झाली, असे मी मानतो.

दार कोण उघडतो?

आता मूळ रचनेकडे वळू. ती ऐकताना एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी: प्रत्येक भागाची सुरुवात कोण करतो?

पहिला भाग एल्विनच्या घंटानादाने उघडतो. त्याने गाँगवर दिलेल्या त्या आघातानंतरच सॅक्सोफोनची छोटी ललकारी येते. ती ओसरली की गॅरिसन चार स्वरांचे एक पद वाजवू लागतो, आणि हेच चार स्वर संपूर्ण भागाचा पाया आहेत. कोल्ट्रेन ते पद उचलून बाराही स्वरस्थानांवरून फिरवितो. अशी एकही जागा नाही की जेथे ते म्हणता येणार नाही, असे जणू तो दाखवून देतो. अखेरीस वाद्य खाली ठेवून तो स्वतःच्या कंठाने तेच चार स्वर रचनेच्या नावानिशी पुनःपुन्हा जपतो. आपल्या घरी संध्याकाळी जपमाळेची लितनी म्हणताना एक साधे उत्तर परत परत येते आणि त्या परत येण्यानेच मन निवते, त्या जातीचा हा जप आहे.

दुसऱ्या भागाचे दार गॅरिसन एकट्याने उघडतो आणि मधला ऐवज टायनरच्या दीर्घ वादनाने भरलेला आहे. तिसरा भाग एल्विनच्या सुमारे दीड मिनिटाच्या एकल वादनाने सुरू होतो आणि त्याची अखेर पुन्हा गॅरिसनच्या एकट्या बासवर होते. तीनेक मिनिटे इतर सर्व स्तब्ध असतात. पूर्वीच्या सगळ्या कल्लोळानंतर हा तळाचा स्वर प्रथमच पूर्ण ऐकू येतो आणि तोच आपल्याला चौथ्या भागाच्या उंबरठ्यावर आणून सोडतो.

म्हणजे चारही भागांत पहिले पाऊल दुसरा कोणीतरी टाकतो. ज्याच्या नावावर ही साक्ष जमा आहे, तो नेहमी उघडलेल्या दारातून आत येतो.

चौथा भाग ‘स्तोत्र’. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कोल्ट्रेनने ईश्वराला उद्देशून लिहिलेली एक कविता छापलेली आहे. या भागात तो ती कविता सॅक्सोफोनवर अक्षरशः वाचतो. शब्दाला स्वर, ओळीला श्वास, असा तो मेळ आहे. संगीतज्ञ लुइस पोर्टर यांनी पुढे कविता आणि वादन शेजारी ठेवून हे उलगडून दाखविले. कविता म्हणून पाहिले तर ती साधी आहे. आभार, स्तुती, पुन्हा आभार, एवढाच तिचा ऐवज. काव्याच्या निकषांवर ती फार वरची ठरणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु मिस्सातील आपले प्रतिसाद तरी काव्य म्हणून कोठे मोठे असतात? त्यांना वजन येते ते म्हणणाऱ्यांमुळे. येथे एल्विन काठ्या बाजूला ठेवून टिंपनीचा गंभीर गडगडाट करतो, टायनर घंटेसारखे स्वरसंघ मोजून टाकतो, गॅरिसन तळ धरून ठेवतो. आजोबांच्या व्यासपीठावरील प्रवचन नातवाच्या सॅक्सोफोनमधून येते आणि त्याला ‘आमेन’ म्हणणारे तिघे तीन निराळ्या घरांतून आलेले आहेत.

हे लिहिताना एक आक्षेप मला दिसतो. वृंद कोल्ट्रेनचा, आराखडा त्याचा, कविता त्याची. तेव्हा इतरांना इतके श्रेय कशासाठी? त्याच्या हस्ताक्षरातील या रचनेचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला आहे, हे खरेच. परंतु आराखड्यावर टायनरचे स्वर लिहिलेले नाहीत, एल्विनचे आघात लिहिलेले नाहीत. मालकाने जागा सोडली आणि त्यांनी ती आपापल्या घरच्या शिदोरीने भरली. टायनर मुस्लिम आहे म्हणून त्याने आपला डावा हात आवरला नाही; एल्विनने सर्कशीचा ढोल बाहेर ठेवला नाही. कोणालाही आपले घर उंबऱ्याबाहेर ठेवून आत यावे लागले नाही. एकत्र प्रार्थना करायची तर आधी सर्वांनी एकसारखे व्हावे, असे आपण पुष्कळदा धरून चालतो. या तेहतीस मिनिटांत ती समजूत उघडी पडते.

प्रार्थनेनंतर

ही एकतानता टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. जून १९६५ मध्ये कोल्ट्रेनने ‘असेन्शन’साठी अकरा वादक जमविले. नोव्हेंबरात ‘मेडिटेशन्स’ ध्वनिमुद्रित झाली. तिचा पहिला भाग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाचा आहे, आणि तीत एल्विनच्या जोडीला रशीद अली हा दुसरा ड्रमवादक आहे. त्या गदारोळात आपला पियानो आपल्यालाच ऐकू येईनासा झाला, अशी टायनरची तक्रार होती. वर्षअखेरीस तो बाहेर पडला. १९६६ च्या आरंभी एल्विनही गेला. पियानोवर डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत वाढलेली अॅलिस, कोल्ट्रेनची पत्नी, येऊन बसली. गॅरिसन तेवढा शेवटपर्यंत राहिला. १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेन वारला. तो चाळीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स ल्यूथरन चर्चमधील अंत्यविधीत त्याचा मित्र कॅल मॅसी याने तीच कविता शब्दांनी वाचली.

शेवटच्या दोन वर्षांतील संगीत अधिक धाडसी आहे, असे मानणारे जाणकार आहेत आणि त्यांच्या मताचा मी आदर करतो. तरी मला वाटते, तेथे साक्षीचा आवाज वाढला आणि प्रतिसादाचा कमी झाला. स्तोत्र म्हणणारा एकटा पुढे निघून गेला. मंडळी मागे राहिली.

पुढे भक्तांनी त्याला आणखी एकटे केले. सान फ्रान्सिस्कोत त्याच्या नावाने उपासनामंदिर सुरू झाले. १९८२ मध्ये ते आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामील झाले आणि तेथे कोल्ट्रेनला संतपद दिले गेले. श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु मखरात एकाचीच मूर्ती मावते. गॅरिसन १९७६ मध्ये गेला, एल्विन २००४ मध्ये आणि टायनर ६ मार्च २०२० रोजी. त्यांच्या नावाने कोठे मंदिर नाही. २ ऑक्टोबर १९६५ रोजी सिअॅटल येथे या रचनेचा एक प्रयोग झाला होता. त्याचे ध्वनिमुद्रण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. चौघांच्या सोबतीला तेथे आणखी वादक आहेत आणि रचना दुपटीहून लांब झाली आहे. तीतही जिवात जीव येतो तो त्या तळाच्या चार स्वरांनी.

ज्यांना जॅझची सवय नाही, त्यांनी ही रचना पहिल्यांदा ऐकताना सॅक्सोफोनच्या मागे धावू नये. प्रथम फक्त गॅरिसनला ऐकावे; दुसऱ्या खेपेस एल्विनला; तिसऱ्या खेपेस टायनरला. चौथ्या खेपेस कोल्ट्रेन आपोआप ऐकू येईल, आणि तो एकटा बोलत नाही, हेही तेव्हा कळेल. रविवारी गायनवृंदाच्या माडीवर कोणाचा आवाज चांगला, यावरून आपल्यात जे रुसवेफुगवे होतात, त्यांवर हा ऐकण्याचा सराव थोडाफार उतारा ठरावा.